मुलांना घेऊन नॅशनल पार्कात जाताय? मग आधी कान्हेरी गाठा

शनिवारी रात्री फॅमिली ग्रुपवर ठरतं, उद्या बोरिवली नॅशनल पार्क. मग आंघोळी, डबे, 'अजून किती वेळ' असं करत करत सगळे गेटवर पोहोचतात तेव्हा अकरा वाजलेले असतात. डोक्यावर ऊन, तिकिटाला रांग, आणि कान्हेरी लेणी गेटपासून पाच-सहा किलोमीटर आत आहेत हे तिथे गेल्यावर कळतं. अर्धी मंडळी तिथूनच मागे फिरतात.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे नुसती बाग नाही. मुंबई उपनगर आणि ठाणे मिळून जवळपास १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल आहे, तुळशी आणि विहार हे तलावही त्यातच. त्यामुळे एका दिवसात सगळं बघायचा हट्ट सोडा. सकाळी लवकर आत शिरा आणि थेट कान्हेरीला जा. आत जायला बस असते, सायकलीही भाड्याने मिळतात. पण जाताना चढ आहे, लहान मुलं दमतात. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि सोमवारी उद्यान बंद असतं.

कान्हेरीत शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातल्या बुद्धाच्या दोन भव्य उभ्या मूर्तींसमोर सगळे फोटो काढतात. मुलांना मात्र पाण्याची टाकी दाखवा. जुन्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. डोंगरावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत उतरतो. भिक्षू तेच पाणी वर्षभर वापरायचे. पन्हळ कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे शोधायला सांगा, तासभर कुणी मोबाईल मागणार नाही.

'वनराणी' या छोट्या रेल्वेचं वचन मात्र आधी देऊ नका. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात तिच्या रुळांचं नुकसान झालं आणि ती बराच काळ बंद होती. सफारी असो की बोटिंग, त्या दिवशी चालू आहे का ते विचारूनच मुलांना सांगा. नाहीतर रडारड ठरलेली!

आता डब्याचं. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं ती खाऊचीच समजतात, त्यामुळे खाणं सॅकमध्ये चेन लावून ठेवा. आणि उरलेली पोळी 'प्राणी खातील' म्हणून टाकू नका. उष्ट्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. या जंगलात बिबटे चाळीसहून अधिक आहेत आणि जंगलाला लागूनच वस्त्या आहेत. तुम्ही घरी परतता, तिथली मुलं तिथेच राहतात. बिबट्या सहसा माणसाला टाळतो, पण अंधार पडताना एकट्या मुलाला धोका असतो. म्हणून ऊन उतरायला लागलं की मुलांना पुढे पळू देऊ नका, हात धरून चाला आणि डब्यातलं उरलंसुरलं घरी न्या.