बटण दाबलं, पण संगणक चालू होईना

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, हे व्याप्ती, हेत्वाभास वगैरे आज कुठे उपयोगी पडतं का?" त्याचं उत्तर आज एका बंद संगणकाच्या आधाराने देतो.

माझ्या नातवाने दोन वर्षं पैसे साठवले, सुटे भाग आणले आणि घरीच डेस्कटॉप जुळवला. बटण दाबलं. पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाच मिनिटांत निकाल तयार! "आजोबा, मदरबोर्ड गेलेला आहे. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला. आत्ता जाऊन त्याला जाब विचारतो." मी म्हटलं, "अरे, थांब. माणसाला लबाड म्हणण्याआधी तुझ्याकडे प्रमाण काय आहे?"

तर पहिलं काम म्हणजे 'चालू होत नाही' या वाक्याचा अर्थ ठरवणं. त्याचे निदान तीन अर्थ होतात. एक, काहीच हालचाल नाही. मग भिंतीतला सॉकेट, केबल, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच आणि कॅबिनेटच्या बटणाची वायर बघायची. ही वायर मदरबोर्डवर एक पिन बाजूला बसली तरी बटण मुकं होतं. दोन, पंखे फिरतात पण पडदा काळा. तिथे वीज पोचलेली असते. रॅम नीट बसली नसेल, किंवा प्रोसेसरजवळची वेगळी वीजजोडणी राहिली असेल. ती फार जणांची राहते. तीन, पंखा हलून थांबतो. म्हणजे बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. आमचा प्रकार तिसरा होता.

आता एसएमपीएसची परीक्षा. प्लग काढायचा, सगळ्या जोडण्या सोडवायच्या. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि कुठलीही एक काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडायची. सगळ्याच वायरी काळ्या असतील, तर आकृती बघून १६ क्रमांकाची पिन शोधायची. मग वीज सुरू. क्लिपला त्या वेळी हात लावायचा नाही. आमचा पंखा फिरला. पण समजा, फिरला नसता तर?

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. जिथे धूर, तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. उलटी केली, जिथे अग्नी तिथे धूर, की खोटी. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसंच काही एसएमपीएसचे पंखे कमी भारावर मुद्दाम थांबलेले असतात. पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएस मेला, असं म्हणता येत नाही. आणि पंखा फिरला म्हणजे तो पूर्ण भार पेलेलच, असंही नाही. आम्ही एवढंच म्हटलं, की त्याच्यावरचा संशय कमी झाला.

पुढची पायरी, कमीत कमी भाग. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस. बाकी सगळं काढलं. तरी पंखा हलून थांबला. मग बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, आणि बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. संगणक चालू! नातू उड्या मारायला लागला. जो बोर्ड 'गेलेला' होता, तो चालत होता.

पण मी म्हटलं, "अजून थांब." जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेकाची पद्धत मांडली: दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक असेल, तरच ती गोष्ट कारण ठरवता येते. आमच्याकडे दोन फरक पडले होते. बोर्डाची बैठक बदलली होती, आणि कॅबिनेटचं बटणही वापरलं नव्हतं. म्हणून बोर्ड खोक्यावरच ठेवून कॅबिनेटच्या बटणाची वायर जोडली. बटण दाबलं, संगणक चालू. बटण निर्दोष. उरली बैठक.

टॉर्च लावून बघितलं. बोर्ड ज्यांच्यावर टेकतो ते पितळी स्टँडऑफ असतात ना, त्यांतला एक जास्तीचा होता. दुसऱ्या मापाच्या बोर्डासाठी बसवलेला. आमच्या बोर्डाला त्या जागी भोकच नव्हतं, त्यामुळे तो मागच्या सोल्डरला टेकत होता. काढला. बोर्ड परत बसवला, संगणक चालू झाला. मग बाकीचे भाग एकेक करून जोडले.

दोन सूचना मात्र गांभीर्याने घ्या. संगणक बंद दिसला तरी बोर्डाला ५ व्होल्ट मिळत असतात, म्हणून प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका. आणि एसएमपीएसचं खोकं कधीही उघडू नका; प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब राहू शकतो.

दुकानदाराचा काही दोष नव्हता. नातू त्या दिवशी दुकानात भांडून आला असता, तर बोर्ड बदलून मिळालाही असता, आणि नवा बोर्डही त्याच स्टँडऑफवर बसून तसाच थांबला असता. मग पुन्हा तोच दुकानदार लबाड! चुकीचं अनुमान असं स्वतःसाठी पुरावे गोळा करत जातं. आपण माणसांबद्दल असे निकाल रोज देतो, आणि तिथे बोर्ड बाहेर काढून बघायची सोय नसते. म्हणून तिथे जरा जास्तच थांबावं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.