व्याख्यान ४ : आकडेमोडीआधी रकाने तपासूया

मागच्या व्याख्यानात डेटाची फाईल ‘आर’मध्ये कशी उघडायची ते आपण पाहिलं. फाईल उघडली की लगेच सरासरी काढावी, आलेख काढावा असं वाटतं. आज आपण त्याच्या आधीच जरा थांबणार आहोत. फाईलमधला प्रत्येक चल, म्हणजे व्हेरिएबल, तपासायचा कसा आणि नीट लावायचा कसा, एवढाच आजचा विषय.

उदाहरण घरचंच घेऊ. पावसाळ्यात कोल्हापुरात एक प्रश्न रोज विचारला जातो : पाणी किती फुटांवर आलं? कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे दोन आकडे पाठ आहेत. आता समजा, सरावासाठी आपण दोन छोट्या फाईली केल्या. एकीत तारीख, वेळ आणि पातळी. दुसरीत तारीख, तालुका आणि पाऊस.

पहिली पायरी : प्रकार पाहणे. ‘आर’मध्ये ‘एसटीआर’ ही आज्ञा दिली की किती ओळी, किती चल आणि प्रत्येक चल कोणत्या प्रकारचा, हे एका नजरेत दिसतं. पातळीपुढे ‘संख्या’ असं उत्तर येतं. वरवर सगळं ठीक आहे. पण पातळी आपण फूट-इंचांत सांगतो, आणि ४२ फूट ९ इंच हे टाईप करताना सर्रास ४२.९ असं लिहिलं जातं. इथेच गोम आहे.

नदी एकेक इंच चढते आहे असं धरा. नोंदी होतील ४२.९, ४२.१०, ४२.११, ४३.०. सॉफ्टवेअरला इंच कळत नाहीत, त्याला दशांश कळतो. ते ४२.१० ला ४२.१ समजतं. मग आलेखात काय दिसेल? ४२.९ वरून रेघ धाडकन ४२.१ वर खाली येते. म्हणजे नदी चढते आहे आणि आलेख सांगतो, पाणी उतरलं! चिखली किंवा आंबेवाडीत जनावरं हलवायची की थांबायचं, असा विचार चालू असताना असा आलेख कुणाच्या हातात पडला तर काय होईल, सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. एकदा ४२.१ झालं की मूळ नोंद १ इंचाची होती की १० इंचांची, हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही. खरं तर पहिली ४२.०८ फूट होते आणि दुसरी ४२.८३ फूट. फरक ९ इंचांचा!

उपाय सोपा आहे. फाईल वाचतानाच हा रकाना ‘मजकूर’ म्हणून घ्यायचा, टिंबाच्या अलीकडचे फूट आणि पलीकडचे इंच वेगळे करायचे, इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवायचे. नवा चल वेगळ्या नावाने ठेवायचा, मूळ रकाना पुसायचा नाही. मग पडताळा घ्यायचा : इंच ११ च्या वर कुठेही जाता कामा नयेत. मात्र एक्सेलमध्ये टाईप करतानाच शेवटचं शून्य गळालं असेल, तर हा उपायही चालत नाही. म्हणून फूट आणि इंच सुरुवातीपासून दोन रकान्यांत भरलेले बरे.

दुसरी पायरी : वेगवेगळ्या किमती मोजणे. आता पावसाची फाईल. तालुक्याच्या रकान्यावर ‘टेबल’ चालवा. जिल्ह्यात तालुके १२, पण यादीत १३ किंवा १४ आले तर? बहुतेक वेळा ‘करवीर’च्या पुढे एक रिकामी जागा राहिलेली असते, नाहीतर हातकणंगले दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. आपल्याला ते एकच गाव, सॉफ्टवेअरला दोन.

तिसरी पायरी : नसलेल्या नोंदी. पाऊस शून्य असणं ही नोंद आहे. मोजलाच नाही, ही नोंद नाही. काही जण अशा ठिकाणी ९९९ लिहितात. तीन दिवसांचे आकडे ४०, ६० आणि ९९९ असतील तर सरासरी येते ३६६ मिलिमीटर. खरी, दोन दिवसांची, ५०. ‘समरी’मध्ये सर्वांत मोठी किंमत पाहिली की हे लगेच पकडता येतं. ‘आर’मध्ये अशा जागी ‘एनए’ ठेवायचं. एसपीएसएसमध्ये ‘व्हेरिएबल व्ह्यू’तल्या ‘मिसिंग’ रकान्यात ९९९ नोंदवून ठेवायचं.

चौथी पायरी : नाव आणि एकक. पाऊस मिलिमीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, धरणातला साठा टीएमसीमध्ये. म्हणून नुसतं ‘पातळी’ नको, ‘पातळी_फूट’ लिहा. आणि पिनकोडसारखे आकडे खरं तर नावंच असतात. ४१६००१ आणि ४१६००३ यांची सरासरी निघते, पण तिला अर्थ नाही. असा चल मजकूर म्हणूनच ठेवायचा.

या चार पायऱ्यांना दहा मिनिटं पुरतात. सॉफ्टवेअर चुकीच्या रकान्यावरही न कुरकुरता उत्तर देतं, त्यामुळे रकान्यात नेमकं काय आहे हे विचारायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

पुढच्या वेळेपर्यंत आपापल्या जवळची एखादी फाईल घ्या, दूध संकलनाची असो वा शाळेच्या हजेरीची, आणि प्रत्येक चलापुढे प्रकार, एकक आणि ‘नोंद नाही’ची खूण लिहून काढा. पुढच्या व्याख्यानात या नीट लावलेल्या रकान्यांवरून आलेख काढू.