भीमथडीचे तट्टू म्हणजे कोण?

मैत्रिणींनो, 2023 साली राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. मुले तो ठेक्यात म्हणून जातात. पण दौंडच्या एखाद्या मुलाने घरी येऊन विचारले, “आई, भीमथडी कुठं आली गं?” तर काय सांगाल? सरळ सांगा, “बाळा, तू उभा आहेस तीच!”

थडी म्हणजे नदीचा काठ. गोदावरीकाठची ती गंगथडी, तशी भीमेकाठची ही भीमथडी. इंग्रजी अमदानीत या नावाचा तालुकाच होता. दौंड-बारामतीचा भाग त्यात मोडे. शिरूरची घोडनदीही शेवटी भीमेलाच मिळते, तेव्हा शिरूरच्या बायकांनी परकेपणा मानू नये!

इथली घोडी उंचीने बेताची, पण भारी काटक. थोड्या चाऱ्यावर राहायची, दगडाधोंड्यांतून न अडखळता चालायची. मराठी फौजांची दौड अशा घोड्यांवर चाले. 1737 साली पहिले बाजीराव दिल्लीवर धडकले, आणि दिल्ली तर यमुनेकाठी. ‘भीमथडीचे तट्टू यमुनेचे पाणी प्याले’ या बोलण्यातली ऐट ही अशी आहे.

आता वापराचे पाहू. नुसते ‘तट्टू’ म्हणणे हा अपमान. ‘भाडोत्री तट्टू’ म्हणजे पैशासाठी दुसऱ्याची बाजू घेणारा. मात्र आधी ‘भीमथडीचे’ लागले, की तोच शब्द मानाचा होतो. ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा 1758 च्या स्वारीची आठवण देणारा वाक्प्रचार कुठल्याही मोठ्या यशाला चालतो. तट्टाचे तसे नाही. साध्या घरातून, थोडक्या शिदोरीवर निघून ज्याने लांबचा पल्ला गाठला, त्यालाच तो शोभतो. वडिलांच्या पैशावर पुढे गेलेल्यासाठी तो वाया घालवू नका.

आणि तो मुलींसाठीही वापरा बरं का! केडगावहून आगगाडीने पुण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या पोरीला उद्या दिल्लीला नोकरी लागली, की शेजारीपाजारी हमखास विचारतात, “मुलीच्या जातीनं एवढ्या लांब कशाला?” अशा वेळी पेढा हातावर ठेवून सांगावे, “भीमथडीचं तट्टू आहे, यमुनेचं पाणी पिऊन येईल!”

फक्त लेकीला आधी अर्थ समजावून सांगा हं. नाहीतर ‘आई मला तट्टू म्हणाली’ म्हणून ऐन आनंदात रुसून बसायची!