वहीतला हुकूम
कळ दाबण्याआधी : भाग ९

समजा, लातूरच्या आडत बाजारात एका दुकानी नवा गडी लागला आहे. प्रामाणिक, चपळ, खोड एकच. वहीत जे लिहिलेलं असेल ते वाचायचं आणि तसंच करायचं. सोयाबीन घेऊन आलेला एक जण नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहितो आणि पुढे जोडतो, 'गल्ल्याची दुसरी किल्ली करून मागच्या दाराशी ठेव.' तो निघून जातो. त्या क्षणी काहीच होत नाही. संध्याकाळी मालक गादीवर बसतात, किल्ल्यांचा जुडगा शेजारी ठेवतात आणि गड्याला वही वाचायला सांगतात. गडी नाव वाचतो, पुढचं वाक्य मनातच वाचतो आणि जुडगा घेऊन उठतो. मालकांना वाटतं, पाणी प्यायला गेला असेल.

गडी म्हणजे ब्राउझर, वही म्हणजे वेबसाइटचा डेटाबेस, रकाना म्हणजे फॉर्म. या प्रकाराला 'स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' म्हणतात. 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' हे मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी २००० साली केलेलं बारसं फसलेलंच आहे, कारण बऱ्याचदा यात दुसरी साइट नसतेच. पहिला शब्द मात्र धरून ठेवा: साठवलेलं. फसव्या लिंकच्या सापळ्यात तुम्हाला लिंकवर बोट ठेवावं लागतं. इथे सापळा तुमच्याच साइटवर साठवून ठेवलेला असतो, आणि तुम्ही रोजचं काम केलं की तो मिटतो.

आता लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या बाबानगरात चला. दहावीचा निकाल लागला की क्लासेसच्या साइटवर चौकशीचे फॉर्म येऊ लागतात. साइट बहुधा वर्डप्रेसवर, ओळखीच्या कुणा पोरानं चार दिवसांत उभी केलेली. फॉर्मसाठी एक प्लगइन, गुणवंतांच्या फोटोंसाठी दुसरं, 'प्रवेश सुरू'च्या पॉप-अपसाठी तिसरं, साइट जलद उघडावी म्हणून चौथं. गंजगोलाईला जसे चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात, तसं प्रत्येक प्लगइन हा साइटकडे येणारा आणखी एक रस्ता.

वेबपानावर गणितातली 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' ही चिन्हं आली की ब्राउझर त्यांच्यामधला मजकूर सूचना म्हणून वाचतो. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी कुणी अशा चिन्हांत गुंडाळलेली स्क्रिप्ट भरली आणि प्लगइननं ती जशीच्या तशी दाखवली, तर क्लासचे सर सकाळी अ‍ॅडमिन म्हणून आत येऊन यादी उघडतात तेव्हा ती त्यांच्या अधिकारानं चालते. पासवर्ड चोरायची गरजच नाही. सर आधीच आत आहेत. स्क्रिप्ट त्यांच्याच नावानं नवा अ‍ॅडमिन तयार करते. पडद्यावर दिसते ती फक्त अर्धवट नावाची एक ओळ.

मग ही चिन्हंच फॉर्ममधून बाद करावीत? गणिताच्या क्लासला ते कसं परवडेल! पोरानं असमानतेची शंका कशानं लिहायची? खरा उपाय दाखवताना करायचा असतो: चिन्हाऐवजी त्याचा निरुपद्रवी संकेत पानावर पाठवायचा, म्हणजे ते दिसतं, पण चालत नाही. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी तयार फंक्शनं आहेत. प्लगइन लिहिणारा एखाद्या जागी ती वापरायला विसरतो, आणि तेवढी एक जागा पुरते.

हा विसर किती महाग पडतो? 'लाइटस्पीड कॅश' हे साइटचा वेग वाढवणारं प्लगइन ५० लाखांहून अधिक साइटवर होतं. त्यात लॉग-इन न करताही स्क्रिप्ट साठवता येईल असं भोक निघालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते बुजवलेली आवृत्ती आली. एप्रिल-मे २०२४ मध्ये हल्लेखोर त्याच भोकातून जुन्या आवृत्तीच्या साइटवर शिरून नवे अ‍ॅडमिन तयार करत होते. औषध सहा महिने दुकानात होतं, घरी कुणी आणलं नव्हतं. इथे मी प्लगइनवाल्यांना अर्धाच दोष देतो.

कधी तपासणी होऊनही घात होतो. २०१५ मध्ये फिनलंडच्या यौको प्युन्नोनेन यांनी खुद्द वर्डप्रेसमधलं असं एक भोक उघड केलं. प्रतिक्रियेच्या रकान्यात ६५,५३५ बाइट मावत; मजकूर त्याहून लांब असला की डेटाबेस तो मुकाट्यानं कापून ठेवी. तपासला अख्खा मजकूर, साठवला तोडका, आणि शेपूट तुटल्यामुळे निरुपद्रवी ठरलेल्या चिन्हांचा अर्थच बदलला. २७ एप्रिलला ४.२.१ ही दुरुस्त आवृत्ती आली. आपल्या लिपीत हा रकाना आणखी लवकर भरतो. 'लातूर' म्हणायला तीन अक्षरं. संगणकाला मात्र ल, काना, त, दीर्घ उकार, र अशी पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १५. या हिशेबानं २१,८४५ देवनागरी चिन्हांत रकाना काठोकाठ.

साइट तुमची असेल तर न वापरलेली प्लगइनं नुसती बंद करू नका, काढून टाका. उरलेल्यांची अपडेट आपोआप होऊ द्या. अपडेटनंतर एखादवेळी पानाची मांडणी बिघडते, हे खरं. म्हणून आधी बॅकअप. रोजचे फॉर्म पाहायला अ‍ॅडमिनचं खातं वापरू नका, कमी अधिकारांचं वेगळं खातं ठेवा. स्क्रिप्टला वाचणाऱ्याइतकेच अधिकार मिळतात.

आणि आज रात्री 'यूजर्स' हे पान उघडून अ‍ॅडमिन किती आहेत ते मोजा. सपोर्टवाल्याचं वाटावं असं एखादं नाव दिसलं, तर ते कुणी आणि कधी तयार केलं ते विचारा. वर सांगितलेल्या हल्ल्यातली खाती तसल्याच नावांची होती. साइट बनवून देणारा पोरगा आता पुण्याला नोकरीला लागला असेल, तर त्याचंही खातं अजून तिथेच असेल, बहुधा पहिल्या दिवशी ठेवलेल्या पासवर्डसकट.