जुलाब थांबले, मग पाय का लटपटले?

जानेवारी 2025 च्या अखेरच्या आठवड्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळच्या गप्पांना एकच विषय होता. एरवी क्रिकेट, राजकारण आणि गुडघे यांपलीकडे सहसा न जाणारी आमची ज्येष्ठ मंडळी पुण्याच्या सिंहगड रस्त्याविषयी बोलत होती. त्यांच्यापैकी एकांची मुलगी धायरीला राहते. फेरी मारता मारता त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "डॉक्टर, दूषित पाण्याने पोट बिघडते हे समजते, पण पाय कसे लुळे पडतात?"

प्रश्न मार्मिक होता, आणि चालता चालता उत्तर देऊन मोकळे होण्यासारखा नव्हता. तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल, म्हणून हा लेख.

त्या महिन्यात पुण्याच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या परिसरातून एकामागून एक रुग्ण रुग्णालयात दाखल होऊ लागले. बहुतेकांची कहाणी सारखीच होती. आधी काही दिवस जुलाब, उलट्या, पोटदुखी. ते थांबून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच पायांत मुंग्या आणि मग चालता न येणे. आजाराचे नाव गुलेन बॅरी सिंड्रोम, संक्षेपाने जीबीएस. वर्षभरात लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार एका परिसरात काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांपर्यंत पोहोचला आणि काहींनी प्राणही गमावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले गेले. त्यांतील काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींमध्ये नोरोव्हायरस आढळला. परिसरातील पाण्याचे काही नमुने पिण्यास अयोग्य ठरले. फेब्रुवारीत मुंबईतही या आजाराने एक मृत्यू झाल्याची बातमी आली, तेव्हा कट्ट्यावरची चिंता आणखी वाढली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जंतू आतड्यात आणि दुखणे पायांत, हे कसे?

आपल्या मज्जातंतूंच्या पृष्ठभागावर गँग्लिओसाइड नावाचे शर्करायुक्त स्निग्ध रेणू असतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या काही प्रकारांच्या बाह्य आवरणावरील रेणूंची रचना हुबेहूब तशीच असते. जंतूचा प्रतिकार करण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. जंतू संपतो, जुलाब थांबतात, आपण खिचडीवरून पोळीभाजीवर येतो. पण ती प्रतिपिंडे रक्तात फिरतच असतात. मज्जातंतूंवर तोच चेहरा दिसला, की ती त्यांच्यावरच तुटून पडतात. चोर पळून गेल्यावर त्याच्यासारखा सदरा घातलेल्या घरच्याच माणसाला पहारेकऱ्याने धरून बडवावे, तसा हा प्रकार. म्हणूनच जीबीएस एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. पसरतो तो पोटाचा संसर्ग. रुग्णाजवळ बसायला, त्याचा हात हातात घ्यायला मुळीच घाबरू नका.

तेच पाणी हजारो लोक पितात, मग आजार मोजक्यांनाच का होतो? कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजार जणांत एखाद्यालाच पुढे जीबीएस होतो. जंतूचा तो विशिष्ट प्रकार आणि त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीची विशिष्ट ठेवण, असे दोन्ही जुळून यावे लागते. मग पुण्यात इतके रुग्ण दिसले, याचा अर्थ पोट बिघडलेले किती असतील, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

या आजाराला कॅम्पिलोबॅक्टर हे एकमेव निमित्त नव्हे. फ्लू, सायटोमेगॅलोव्हायरस, 2013-14 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात आलेली झिकाची साथ, क्वचित एखादी मोठी शस्त्रक्रिया, यांनंतरही तो आढळला आहे. लसीविषयी मला हमखास विचारले जाते, म्हणून तेही सांगतो. परळ-दादरकडच्या जुन्या मंडळींना कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे, आणि त्या मेंदूतील अंशांमुळे काहींना खरोखरच मज्जासंस्थेचे गंभीर विकार होत. आपल्या देशात 2004 च्या अखेरीस ती बंद झाली. आजची रेबीजची लस पेशीसंवर्धनातून तयार होते आणि दंडात दिली जाते. तिच्याबाबत ती जुनी भीती बाळगून उपचार टाळणे जिवावर बेतेल. फ्लूच्या लसीनंतर जीबीएस होण्याचे प्रमाण दहा लाखांत एक-दोन इतकेच आहे आणि प्रत्यक्ष फ्लूमुळे तो होण्याची शक्यता त्याहून अधिक. मात्र पूर्वी कधी लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल, तर ती लस पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांशी अवश्य बोला.

येथे माझी एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात पार्कच्या मागच्या गल्लीतील एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय बहात्तर, मधुमेह नाही, रोज पार्काला दोन फेऱ्या. त्यांना सगळे 'बाई' म्हणत, मीही म्हणतो. दहा दिवसांपूर्वी जुलाब होऊन गेले होते. "डॉक्टर, जिना चढताना पाय साथ देत नाहीत हो," एवढीच तक्रार. मी म्हणालो, "बाई, अशक्तपणा आहे, वयही झाले." क्षारांचे पाणी, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि दोन दिवसांची विश्रांती सांगितली. बाहेर दहा-बारा रुग्ण ताटकळत होते. टेबलाच्या खणातली रबरी हातोडी मी काढली नाही. गुडघ्याखाली एक हलका ठोका मारून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा दूरध्वनी आला, "आईला कपबशी धरवत नाहीये, आणि ती नाकात बोलते आहे." मी धावत गेलो. दोन्ही गुडघे ठोक्याला मुळीच उसळत नव्हते. त्याच दुपारी बाई अतिदक्षता विभागात होत्या आणि रात्री कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर.

माझ्याच तोंडून निघालेले 'वय झाले' हे दोन शब्द या आजारात सर्वांत घातक आहेत. मधुमेहाने किंवा बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पाय बधिर होतात, पण त्याला महिने, वर्षे लागतात. जीबीएसमध्ये सारे दिवसांत घडते. काल जिना चढताना कठडा धरावा लागला, आज खुर्चीतून उठताना आधार लागतो, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, अशी ती चढण असते. बहुधा दोन्ही पाय सारखेच दुबळे होतात आणि दुर्बलता खालून वर सरकते. पक्षाघातात सहसा एकच बाजू जाते आणि तीही अचानक. पाठ किंवा मांड्या विलक्षण दुखणे हीदेखील काही वेळा पहिली खूण असते. ती संधिवाताच्या खात्यावर टाकू नका. जुलाबानंतरची दुर्बलता पोटॅशियम घटल्यानेही येते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. तेही तातडीचेच काम आहे. तेव्हा निदान कोणतेही असो, घरी थांबण्याचे कारण उरत नाही.

जुलाब, ताप किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर महिनाभरात पायांची शक्ती दिवसागणिक कमी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आधीच्या आजाराची तारीख न विसरता सांगा. घोट गिळताना ठसका लागणे, आवाज बदलणे, पापणी पूर्ण न मिटणे, एका श्वासात वीसपर्यंत आकडे मोजता न येणे, यांपैकी काहीही दिसले तर दवाखान्याची पायरी चढू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि थेट मोठे रुग्णालय गाठा. आपल्या भागाला केईएम, शीव आणि नायर ही तिन्ही रुग्णालये जवळ आहेत. तेल लावून मालीश, ताकदीची इंजेक्शने, सलाईन लावून दोन दिवस वाट पाहणे, हे सारे वेळ दवडणारे आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही या आजारात लाभ होत नाही.

रुग्णालयात मज्जातंतूंच्या संवेदनवहनाची तपासणी होते आणि पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासतात. या पाण्याच्या तपासणीला नातेवाईक फार घाबरतात. 'पाठीत सुई टोचली की माणूस अधू होतो' ही समजूत निराधार आहे. उपचार दोन आणि दोन्ही तोलामोलाचे: एक, रक्तातील दूषित प्रतिपिंडे असलेला द्रव काढून बदलणे, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज, दुसरा, हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेले इम्युनोग्लोब्युलिन पाच दिवस शिरेतून देणे. साठ किलो वजनाच्या माणसाला एकूण 120 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या लागतात. खर्च काही लाखांच्या घरात जातो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराचा समावेश आहे, म्हणून दाखल करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. कागदपत्रे जमवण्यात घरातला एक माणूस पहिल्या दिवसापासून गुंतवा. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर त्यांचा लाभ अधिक.

सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना श्वासाचे यंत्र लागते. हा काळ घरच्यांसाठी अतिशय कठीण. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, रुग्णाची बुद्धी आणि श्रवण शाबूत असते. बाईंनी नंतर मला सांगितले, खाटेपाशी उभे राहून नातेवाईक 'आता काही खरे नाही' म्हणत होते, ते शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होते, फक्त पापणी हलवता येत नव्हती. त्यांच्याजवळ बसून बोला, वर्तमानपत्र वाचून दाखवा, आज वार कोणता ते सांगा. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचांखाली मऊ आधार देणे, सांधे आखडू नयेत म्हणून व्यायामोपचारतज्ज्ञाने शिकवलेल्या हालचाली करून घेणे, ही कामे परिचारिकेकडून शिकून घ्या. घरी आल्यावर ती तुमच्याकडेच येणार आहेत. वय साठीच्या पुढे असणे आणि आधी जुलाब झालेले असणे, या दोन्हींमुळे सुधारणेचा वेग मंदावतो. तरी सहा महिन्यांत दहापैकी साधारण आठ रुग्ण आधाराविना चालू लागतात. 1916 साली गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातील ज्या दोन सैनिकांवरून हा आजार वर्णिला, ते दोघेही सुधारले होते, आणि तेव्हा तर यांतला कोणताच उपचार नव्हता.

मज्जासंस्थेच्या दुर्मीळ आजारांत इतके स्पष्ट कारण क्वचितच सापडते. विदर्भात लाखोळी डाळ दुष्काळात महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पाय कायमचे ताठ होत, तेथे डाळीतील विष हे कारण ठरले. गोवर झाल्यानंतर काही वर्षांनी मुलाची बुद्धी आणि हालचाल हरपत नेणारा एसएसपीई हाही गोवराच्याच विषाणूचा उशिरा उमटणारा घाव; गोवराची लस तो टाळते. पण मोटर न्यूरॉनसारख्या आजारात बहुतेक रुग्णांबाबत बोट ठेवावे असे कारण हाती लागत नाही. अशा रुग्णांचे नातेवाईक मला विचारतात, "आमचे काय चुकले? पाणी, खाणे, कुणाची हेळसांड?" काहीही चुकलेले नसते, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

पाण्याचे मात्र आपल्या हाती बरेच आहे. तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचे पाणी शुद्ध होऊनच शहरात येते. पण ते ठरावीक तासांपुरतेच येते. नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या जागेतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. पुढे इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी. पार्काभोवतीच्या अनेक इमारतींचे वय आपल्यातील पुष्कळांहून अधिक आहे. तिथली मलवाहिनी आणि पाण्याची टाकी शेजारी शेजारी असणे नवलाचे नाही. टाकीला तडा आहे का, झाकण घट्ट बसते का, शेवटची सफाई कधी झाली, हे सोसायटीच्या सभेत विचारा. पाण्याला वास किंवा रंग आला तर जी उत्तर विभागाच्या कार्यालयात किंवा महापालिकेच्या 1916 क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरते. नोरोव्हायरस क्लोरीनला सहज दाद देत नाही, हात स्वच्छ करण्याच्या द्रावणालाही नाही. तेथे साबण आणि वाहते पाणीच हवे. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर सुखाने नांदतो, म्हणून कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावरच्या कोशिंबिरीपर्यंत जातात. ते नीट शिजवा आणि त्याची सुरी-पाट निराळे ठेवा.

बाई एकोणीस दिवस यंत्रावर होत्या, सात महिन्यांनी स्वतःचा जिना चढल्या. उजवे पाऊल अजून किंचित ओढतात. कुठले पाणी, कुठला जंतू, हे त्यांच्या बाबतीत कधी कळले नाही. पार्काच्या दोन फेऱ्यांची आता एक झाली आहे, आणि वाटेत दवाखान्यात डोकावून त्या टेबलावर हातोडी आहे ना, ते पाहून जातात.