ऑलिंपिक जहाजाची दालने : छायाचित्रांवरून कालनिर्णय

जी वास्तू मोडीत निघून आठ दशकांहून अधिक काळ लोटला, तिच्या अंतर्भागात केव्हा कोणते फेरफार झाले हे केवळ जुन्या छायाचित्रांवरून ठरविता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटेल. वास्तविक पाहता तो पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे. तिथीवाचून हाती आलेली प्रत, नंतरच्या हातांनी केलेली भर आणि एका ग्रंथाच्या पुष्पिकेखाली दडलेला दुसराच ग्रंथ, या साऱ्या अडचणी येथेही भेटतात. व्हाइट स्टार कंपनीच्या ‘ऑलिंपिक’ या आगबोटीचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

बेलफास्ट येथील हारलँड अँड वुल्फच्या गोदीत बांधलेले हे जहाज १४ जून १९११ रोजी पहिल्या सफरीस निघाले आणि १९३५ पर्यंत अटलांटिकवर चालले. तिची धाकटी बहीण ‘टायटॅनिक’ १० एप्रिल १९१२ रोजी निघाली आणि पाचव्या दिवशी पहाटे सुमारे पंधराशे माणसांसह बुडाली. जिचे आयुष्य इतके अल्प तिची छायाचित्रे थोडी असणारच. ती उणीव ऑलिंपिकच्या चित्रांनी भरून काढण्यात आली, आणि हे काम प्रथम खुद्द कंपनीनेच केले. दोन्ही जहाजांच्या जाहिरात-पुस्तिकांत ऑलिंपिकचीच दालने छापली गेली. टायटॅनिकचा म्हणून आपण नेहमी पाहतो तो घुमटाखालचा भव्य जिनाही ऑलिंपिकचाच होय. बुडालेल्या माणसांनी अखेरच्या रात्री नेमके काय पाहिले, याविषयी लिहिणाऱ्यास हा भेद टाळून चालणार नाही.

आता कालनिर्णयाकडे वळू. भाषाशास्त्रीय पुराव्याप्रमाणे येथेही पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा अशा दोन कडा शोधाव्या लागतात. ‘ब’ मजल्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. १९११ साली ऑलिंपिकच्या या मजल्यावर दोन्ही बाजूंस फिरण्याची लांब पडवी होती आणि मागील भागातील उपाहारगृह पुढील काळाच्या मानाने आटोपशीर होते. पडवीचा उपयोग उतारू फारसा करीत नाहीत असे दिसून आल्यावर टायटॅनिकवर त्या जागी खोल्या काढण्यात आल्या, उपाहारगृह रुंद झाले आणि त्यास लागून वेलींच्या जाळ्या व वेताच्या खुर्च्या असलेले ‘कॅफे पारिझियां’ आले. पुढे ऑक्टोबर १९१२ ते मार्च १९१३ या काळात ऑलिंपिक बेलफास्टला परत नेण्यात आली. त्या दुरुस्तीचा मुख्य हेतू सुरक्षिततेचा, म्हणजे दुहेरी कवच, उंच केलेल्या जलाभेद्य भिंती आणि वाढविलेल्या जीवनौका हा होता. परंतु त्याच वेळी हे कॅफे व रुंद उपाहारगृह तिच्यावरही करण्यात आले. म्हणून कॅफेचे चित्र हाती आले की ते १९१२ चे टायटॅनिकचे असेल किंवा १९१३ नंतरचे ऑलिंपिकचे. १९११ चे ऑलिंपिकचे ते असूच शकत नाही. एवढे ठाम विधान करता येणे हेही थोडे नव्हे.

मात्र डोळ्यास दिसणारा प्रत्येक भेद हा फेरफार नव्हे. त्या काळच्या बहुतेक छायाचित्रणाच्या काचा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे तांबडा गालिचा किंवा महोगनीचे लाकूड चित्रात काळेच उमटे. पुढे १९२०च्या दशकात सर्व रंगांना जाणणारी फिल्म रुळली आणि तोच गालिचा उजळ दिसू लागला. चित्रात खोली उजळली म्हणजे भिंत रंगविली असे मानणारा अभ्यासक येथे फसतो. उलट, १९३०च्या दशकात जिन्याच्या ओक लाकडावर खरोखरच रंग चढविण्यात आला होता. खरा रंग आणि काचेचा आभास यांतील निवाडा करण्यासाठी त्याच चौकटीत जिचा रंग बदललेला नाही अशी एखादी वस्तू शोधावी लागते. तीही उजळली असेल तर दोष काचेचा. ती तशीच असून केवळ लाकूड उजळले असेल तर रंगाऱ्याचा हात मानावा.

दुसरी सावधगिरी प्रतींच्या परंपरेविषयीची. बेलफास्टचे छायाचित्रकार रॉबर्ट वेल्च यांनी घेतलेली मूळ काच एक, पण तिच्यावरून निघालेली पोस्टकार्डे, पुस्तिका आणि वृत्तपत्रीय ठसे अनेक. पोस्टकार्डावरील टपालाचा शिक्का ही केवळ उत्तरमर्यादा. चित्र त्याआधी कितीतरी वर्षांपूर्वीचे असू शकते. शिवाय छापखान्यातील कारागीर खुर्च्या पुसत, खिडकीबाहेर समुद्र काढीत. हे प्रक्षेपच म्हणावयाचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्यात सुकथनकरांनी जी शिस्त घालून दिली, प्रतींची संख्या न मोजता त्यांचे परस्परसंबंध तपासावयाचे, तीच येथे उपयोगी पडते. एकाच काचेवरून निघालेली शंभर पोस्टकार्डे म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. रिकाम्या दालनांविषयीही एक गैरसमज आहे. दीर्घ प्रकाशनकाळामुळे माणसे धूसर उमटत, म्हणून ती चौकटीबाहेर ठेवीत. रिकामेपणावरून जहाज अद्याप सफरीस निघाले नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही.

छायाचित्रांबाहेरचा पुरावा दोन ठिकाणी मिळतो. टायटॅनिकचे अवशेष १ सप्टेंबर १९८५ रोजी सापडले, आणि २००१ साली जेम्स कॅमेरून यांच्या मोहिमेत दूरनियंत्रित कॅमेरे आत शिरले. ऑलिंपिकचे सामान नोव्हेंबर १९३५ मध्ये जॅरो येथे लिलावात निघाले. तिच्या दिवाणखान्याची लाकडी तावदाने इंग्लंडमधील ॲल्निक येथील ‘व्हाइट स्वान’ हॉटेलात आजही पाहावयास मिळतात. नक्षीची खोली, सांध्यांची घडण आणि लाकडाचा पोत चित्रात नसतो तो तेथे हाताला लागतो. पण ती तावदाने दुसऱ्या इमारतीत बसविलेली आहेत. मूळ दालनातील त्यांचा क्रम तेथे गृहीत धरता येत नाही, त्यासाठी पुन्हा १९११च्या काचांकडेच जावे लागते.