घरडा सर्कलपर्यंत आलेले विद्यापीठ

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराला टेकलेला. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्हीकडची बरीच मुले पदवी घेतात ती मुंबई विद्यापीठाचीच. ठाण्याच्या मानपाड्याहून कापूरबावडी ओलांडली की बाळकुमला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे; कायदा आणि व्यवस्थापन तिथे शिकवतात. विद्यापीठाची पाटी पाहायची तर तिथे जावे. विद्यापीठाने या भागाचे काय केले ते पाहायचे असेल, तर मात्र डोंबिवलीची एमआयडीसी गाठावी.

18 जुलै 1857 रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवायचे ते कॉलेजांनी. 1862 साली न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर पदवीधर झाले ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या वर्गांत शिकून. विद्यापीठाचे स्वतःचे विभाग पहिल्या महायुद्धानंतर उभे राहू लागले. समाजशास्त्राचा विभाग 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि पुढे समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी नावारूपाला आणला. 1933 च्या ऑक्टोबरमध्ये रसायन तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. सगळे त्याला यूडीसीटी म्हणत. सुरुवातीचे विषयच बोलके होते: कापडाचे रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी. गिरण्यांच्या मुंबईला रंग, रसायने आणि ती जाणणारी माणसे हवी होती. 1938 साली संचालक झालेले के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातले जगन्मान्य नाव. कृत्रिम रंगांवरचे त्यांचे अनेक खंडांचे काम बाहेरच्या देशांतही प्रमाण मानले गेले.

याच यूडीसीटीतून केकी घरडा बाहेर पडले. मिशिगनला डॉक्टरेट करून ते परतले आणि साठच्या दशकात त्यांनी कारखाना काढला. डोंबिवलीत रिक्षावाल्याला ‘घरडा सर्कल’ सांगितले की पुढे काही बोलावे लागत नाही. तो चौक त्यांच्याच कंपनीच्या नावाचा. परदेशी कंपन्या महाग विकत ते रसायन स्वतःची प्रक्रिया शोधून स्वस्तात बनवायचे, ही घरडांची रीत. गव्हातले तण मारणारे आयसोप्रोट्युरॉन त्यांनी असेच शेतकऱ्याच्या आवाक्यात आणले. 2016 साली पद्मश्री, 2024 साली पंचाण्णवाव्या वर्षी निधन. विद्यापीठातले संशोधन कपाटात पडून राहते असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. म्हणणाऱ्याला डोंबिवलीची एक फेरी घडवावी.

फेरीत दुसरी बाजूही दिसेलच. 2020 च्या फेब्रुवारीत इथला एक रस्ता चक्क गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना पाहायला यावे लागले. मे 2016 मध्ये प्रोबेस, मे 2024 मध्ये अमुदान या कारखान्यांत स्फोट झाले; दोन्ही स्फोटांनी दूरच्या घरांच्या काचा फोडल्या, माणसे मारली. रसायन बनवण्याची विद्या इथे झटपट पोचली. ते सांभाळण्याची विद्या मागे राहिली, आणि हा दोष एकट्या कारखानदारांच्या माथी मारून चालणार नाही.

कारखान्यांबरोबर माणसे आली. त्यांनी आधी आपापले समाज बांधले, मग कॉलेजे. डोंबिवलीचे मॉडेल कॉलेज केरळीय समाजाचे, एसआयए कॉलेज साउथ इंडियन असोसिएशनचे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरलेल्या सिंध्यांच्या उल्हासनगरात 1965 साली चांदीबाई कॉलेज आले. भिवंडीत कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे मोमीन महिला कॉलेज आहे, कल्याणात बिर्ला कॉलेज. घरात मल्याळम, सिंधी, उर्दू, आगरी. प्रश्नपत्रिका मात्र सगळ्यांना एकच असायची. एनएसएसच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात, युवा महोत्सवाच्या एकांकिकेत, विस्तार विभागाच्या ‘उडान’ महोत्सवात ही मुले एकमेकांना भेटतात. माझ्या मते विद्यापीठाचे खरे समाजशास्त्र इथे घडते, विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या विभागात त्याची टिपणे निघतात.

त्या एकाच प्रश्नपत्रिकेचा भार किती, ते 2017 मध्ये कळले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला गेला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. आता बिर्लासारखी कॉलेजे स्वायत्त होऊन आपल्या परीक्षा आपण घेतात.

यूडीसीटीही 2008 साली स्वतंत्र विद्यापीठ होऊन बाहेर पडली. मुंबई विद्यापीठाकडे तिच्या आठवणी आणि जुन्या पदव्या उरल्या. पण कल्याणला विद्यापीठाचे नवे उपकेंद्र उभे राहिले आहे, अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानाचे. तिथून डोंबिवलीची एमआयडीसी जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. सांडपाणी, रिअ‍ॅक्टरची सुरक्षा, कामगारांची फुप्फुसे: प्रबंधांचे विषय शोधायला तिथल्या विद्यार्थ्यांना लांब जायला नको. कारखान्यांचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडतील का, हे मात्र विद्यापीठाने कारखानदारांना जाऊन विचारायला हवे, आणि तेही पुढच्या स्फोटाच्या आधी.